वीज गेल्यानंतरची पहिली दहा मिनिटे

भिवंडीत वीज गेल्याचे डोळ्यांआधी कानांना कळते. दिवसभर अंगवळणी पडलेला यंत्रमागांचा खडखडाट एकाएकी थांबतो आणि त्या अनपेक्षित शांततेत ‘लाइट गेली’ असा पुकारा गल्लीतून उमटतो. निजामपुऱ्यासारख्या जुन्या, दाट वस्तीत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे आजही आहेत. तेथे वीज जाणे म्हणजे केवळ दिवा विझणे नव्हे. वजनकाटा, बिलाचा संगणक, पाण्याचा पंप, घरातील आजारी माणसाचे यंत्र आणि सूर्यास्तापूर्वी आटोपावयाचा स्वयंपाक ही सारी कामे एकाच क्षणी अडतात.

अशा वेळी घरात जी धावपळ होते तिच्यातच बहुतेक धोके दडलेले असतात. कोणी काळोखात जिना उतरू लागतो, कोणी कापडाच्या गठ्ठ्याजवळ मेणबत्ती ठेवतो, कोणी ओल्या हाताने मेन स्विच वरखाली करतो. आपल्या धर्माने प्रत्येक क्रियेत जयणा सांगितली आहे. पाऊल टाकताना ईर्यासमिती, वस्तू उचलताना व ठेवताना आदान-निक्षेप समिती आणि बोलताना भाषासमिती. साधु-साध्वींसाठी हे महाव्रतांचे अंग आहे. श्रावक-श्राविकांसाठी तोच सावधपणा घरसंसारात उपयोगी पडतो. वीज गेल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत कोणती गोष्ट आधी व कोणती नंतर करावी एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

आधी थांबा, मग पाहा

पहिले अर्धे मिनिट जागीच उभे राहावे. डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्यावी आणि हातातील मोबाइलचा किंवा ठरलेल्या जागी ठेवलेला बॅटरीचा प्रकाश लावावा. घरातील लहान मुले व वृद्ध कोठे आहेत हे मोठ्याने विचारून घ्यावे आणि त्यांना बसल्या जागी राहण्यास सांगावे. शेगडीवर काही असेल तर गॅस बंद करावा. कोणी लिफ्टमध्ये अडकले असेल तर दार ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नये. लिफ्टचा डबा हवाबंद नसतो, त्यामुळे आतील माणसाला गुदमरण्याची भीती नसते. त्याला बाहेरून धीर द्यावा, त्याने धोक्याची घंटा दाबावी आणि लिफ्टची देखभाल करणाऱ्यास बोलवावे. दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टमधून उडी मारून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात माणसे जिवास मुकली आहेत.

वीज कोठे गेली?

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: वीज आपल्या घरातील गेली, इमारतीची गेली की संपूर्ण भागाची? पुढील प्रत्येक कृती या उत्तरावर अवलंबून आहे.

खिडकीतून पाहावे. शेजारच्या घरात दिवा दिसला म्हणून वीज आहे असे मानू नये, कारण तो इन्व्हर्टरवर चाललेला असू शकतो. जिन्यातील दिवा, रस्त्यावरचे दिवे आणि समोरच्या इमारतीतील पंप पाहावा. भिवंडीकरांना आणखी एक खूण उपलब्ध आहे. आसपासचे माग चालू असतील आणि आपल्याच घरात काळोख असेल, तर दोष आपल्या घरात अथवा इमारतीत आहे. माग थांबले असतील, तर बिघाड बाहेरचा असण्याचा संभव अधिक.

त्यानंतर मीटर पाहावा. मीटरच्या पडद्यावर आकडे दिसत असतील किंवा त्यावरील लहान दिवा पेटलेला असेल, तर वीज साधारणतः मीटरपर्यंत पोहोचली आहे आणि दोष त्यापुढे, म्हणजे आपल्या बाजूला आहे असे समजावे. मीटर पूर्ण निर्जीव असेल तर दोष मीटरच्या अलीकडे, म्हणजे वितरण कंपनीच्या बाजूस असण्याचा संभव अधिक. मीटरचे सील अथवा त्याआधीची तार यांना आपण हात लावू नये. तो अधिकार केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्याचा आहे.

दोष आपल्या घरात असेल तर

मीटरनंतरच्या पेटीत हल्ली दोन प्रकारचे स्विच असतात. एमसीबी हा एखाद्या खोलीवर वा यंत्रावर भार वाढला अथवा तारा एकमेकींना चिकटल्या की खाली पडतो. दुसरा आरसीसीबी. त्यावर ‘टेस्ट’ असे लहान बटण असते. तारेतून जाणारी व परत येणारी वीज समान नसेल, म्हणजे थोडीशी वीज भिंतीतून, ओलीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीकडे वाहत असेल, तर तो स्विच क्षणार्धात वीज तोडतो. घरगुती आरसीसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटतो. तो पडला म्हणजे त्याने आपले रक्षण केले असे समजावे आणि पुनःपुन्हा बळाने वर करू नये.

क्रम असा ठेवावा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. जळका वास, काळा डाग किंवा तडतड असा आवाज असेल, तर काहीही वर न करता मेन स्विच बंद ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवावे. तसे काही नसेल तर सर्व एमसीबी खाली करावेत. आरसीसीबी आधी पूर्ण खाली व मग वर करावा. त्यानंतर एकेक एमसीबी वर करत जावे. ज्याने सगळे पुन्हा पडेल, दोष त्या शाखेत आहे. ती शाखा बंद ठेवून उर्वरित घर चालू करता येते. त्या शाखेवरील गिझर, मिक्सर, वॉशिंग मशीन यांच्या पिना काढून एकदाच पुन्हा पाहावे. दुसऱ्यांदा पडल्यास थांबावे.

जुन्या घरांत अद्याप चिनी मातीचे फ्यूज आहेत. तेथे फ्यूजच्या ठरलेल्या तारेऐवजी जाड तांब्याची तार बांधण्याची वाईट सवय आढळते. जाड तार वितळत नाही. त्यामुळे फ्यूज जाण्याऐवजी भिंतीतील तार तापते आणि आग आतून लागते. विजेच्या आगीवर पाणी कदापि टाकू नये. मेन स्विच बंद करून कोरडी वाळू किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे आणि १०१ या क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे.

संपूर्ण भागाची वीज गेली असेल तर

येथे आपल्या हाती दुरुस्ती नसते, तरी कारणे समजून घेतल्यास चिडचिड कमी होते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन ६ जून २००५ रोजी झाले. वीज निर्माण करणारी महानिर्मिती, दूरवर वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघरी देणारी महावितरण अशा कंपन्या वेगळ्या झाल्या. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर ही कंपनी वितरण फ्रँचायझी म्हणून काम पाहते. म्हणजे वितरणाचा परवाना महावितरणचा, पण तारांची देखभाल, तक्रारी व बिलवसुली फ्रँचायझीकडे. आपल्या दारातला दोष कोणाचा हे या विभागणीवरून कळते. गल्लीतील रोहित्र वा तार बिघडली तर वितरणाचा, आणि शहरे एकदम काळोखात गेली तर बहुधा पारेषणाचा.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार अनेकांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि कोरोनाच्या त्या काळात रुग्णालयांना जनरेटरवर चालावे लागले. त्या बिघाडाशी ज्या अतिउच्चदाब वाहिन्यांचा संबंध होता त्या कळवा व पडघा या उपकेंद्रांच्या दरम्यानच्या. पडघा हे आपल्याच भिवंडी तालुक्यातील गाव आहे. त्याआधी ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही त्यात ओढला गेला. विजेचे उत्पादन व मागणी यांचा मेळ प्रत्येक क्षणी बसवावा लागतो. तो बिघडला की यंत्रणा स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपणहून तुटते, आपल्या घरातील एमसीबीप्रमाणेच. अशी मोठी यंत्रणा पूर्ववत होण्यास काही तास लागतात हे गृहीत धरून पाणी, औषधे व मोबाइलची बॅटरी जपून वापरावी.

पावसाळ्यात कामवारी नदीला पूर आला किंवा सखल भागात पाणी साचले, तर वीज जाण्याची वाट पाहू नये. पाणी मीटरच्या खोलीकडे येताना दिसताच कोरड्या जागेवर उभे राहून मेन स्विच बंद करावा. पाणी आधीच आत शिरले असेल तर तिकडे जाऊ नये. कंपनीला कळवून बाहेरून वीज तोडण्यास सांगावे. रस्त्यात तुटून पडलेली तार मृत आहे असे समजणे जिवावर बेतते. तिच्यापासून दूर राहावे, इतरांस व जनावरांसही दूर ठेवावे आणि तत्काळ कळवावे.

वीज परत येते तो क्षण

वीज जाण्यापेक्षा येण्याच्या क्षणी यंत्रांचे नुकसान अधिक होते. म्हणून वीज नसतानाच इस्त्री, गिझर, एसी, टीव्ही व संगणक यांच्या पिना काढून ठेवाव्यात आणि एकच दिवा चालू ठेवावा म्हणजे वीज आल्याचे कळेल. कपड्यावर तशीच राहिलेली इस्त्री मध्यरात्री वीज आल्यावर घर पेटवू शकते.

वीज आल्यावर तो दिवा नीट पाहावा. नेहमीपेक्षा फार प्रखर किंवा फार मंद असेल, पंखा विचित्र वेगाने फिरत असेल, तर ताबडतोब मेन स्विच बंद करावा. आपल्या घरास सुमारे २३० व्होल्ट मिळतात, पण इमारतीत येणाऱ्या तीन फेजपैकी कोणत्याही दोहोंत सुमारे ४०० व्होल्टचे अंतर असते. न्यूट्रलची तार तुटली की एका घरात दाब धोकादायक वाढतो आणि दुसऱ्या घरात खूप कमी होतो. काही मिनिटांत सर्व मजल्यांवरील उपकरणे जळण्याचे हे कारण असते. अशा वेळी आपले मेन बंद केल्यावर शेजाऱ्यांनाही हाक देऊन सांगावे. दाब ठीक असला, तरी फ्रिज व एसी पाच-दहा मिनिटे थांबून मगच लावावेत.

दुकान, गोदाम आणि जनरेटर

सूत, कापड, कागद, तेल किंवा फटाक्यांसारखा माल असलेल्या जागेत मेणबत्ती, कंदील वा काडी नको. केवळ बॅटरीचा प्रकाश वापरावा. उघड्या ज्योतीवर पावसाळ्यात किती जीव येऊन पडतात हे आपण जाणतोच, त्यामुळे जीवदया व अग्निसुरक्षा दोन्ही येथे एकच गोष्ट सांगतात. घरी देवापुढचा दिवा लावलेला असेल तर तो काचेच्या आवरणात, पडद्यापासून दूर आणि घरातील मोठ्या माणसाच्या नजरेसमोर असावा.

वीज गेली की सीसीटीव्ही बंद पडतो, म्हणून गल्ल्यापाशी एक विश्वासू माणूस कायम ठेवावा. विजेवर चालणारे शटर हाताने फिरवण्याचा दांडा कोठे आहे हे दुकानातील प्रत्येकास ठाऊक हवे. वजनकाट्याची बॅटरी व संगणकाचा यूपीएस महिन्यातून एकदा तपासावा.

जनरेटरबाबत दोन नियम काटेकोर पाळावेत. तो बंद खोलीत, जिन्याखाली अथवा खिडकीजवळ चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास व रंग नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. दुसरे असे की जनरेटरची तार भिंतीतील सॉकेटमध्ये घालून घराला वीज देण्याची क्लृप्ती कधीही करू नये. ती वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर स्विच बसविण्याचा खर्च अहिंसेच्या दृष्टीनेही योग्यच ठरतो.

स्वयंपाक, पाणी आणि आजारी माणसे

चौविहार पाळणाऱ्या घरात संध्याकाळी वीज गेली तरी गॅसवर साधा स्वयंपाक दिवसाउजेडी उरकता यावा, एवढी तयारी असावी. केवळ इंडक्शनवर अवलंबून राहू नये. उकळलेले पाणी त्या दिवसापुरते आधीच तयार असावे, कारण पंप बंद पडल्यावर वरच्या टाकीतले पाणीच सर्वांना पुरवावे लागते. फ्रिजचे दार न उघडल्यास आतील गारवा साधारण चार तास टिकतो. दूध तत्पूर्वीच तापवून घ्यावे. वासी अन्न न खाण्याच्या आपल्या नियमामुळे आपल्या फ्रिजमध्ये नासण्यासारखे मुळातच कमी असते, हा त्याचा एक लाभ.

घरात ऑक्सिजन देणारे यंत्र असेल तर भरलेला सिलिंडर व त्याची नळी शेजारीच हवी, आणि वीज गेल्याबरोबर आधी त्या माणसाकडे जावे. नेब्युलायझर बॅटरीवर चालणारा असल्यास उत्तम. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी काही तास थंड सावलीत राहिल्याने बिघडत नाही, मात्र ती बर्फावर ठेवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

तक्रार आणि आपला हक्क

‘कोणीतरी कळवले असेलच’ असे म्हणत संपूर्ण गल्ली तासभर बसून राहते. प्रत्येकाने कळवावे. बिलावर छापलेला तक्रार क्रमांक किंवा वीज तक्रारींसाठीचा १९१२ हा क्रमांक वापरावा, आपला ग्राहक क्रमांक सांगावा आणि मिळालेला तक्रार क्रमांक व वेळ वहीत लिहून ठेवावी. बिलाचे छायाचित्र घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावे.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५७ नुसार सेवेचे दर्जे आयोगाने ठरवून द्यावयाचे असतात आणि ते न पाळल्यास ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे आहे. वारंवार वीज जात असेल व दाद मिळत नसेल, तर कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जाता येते. तेथे तक्रार क्रमांक, तारखा व वेळा यांची नोंदच उपयोगी पडते. आपण व्यापारी खतावणी जशी ठेवतो, तशीच ही नोंद ठेवावी.

‘आज रात्री वीज तोडली जाईल’

काळोखाच्या भीतीचा गैरफायदा घेणाऱ्यांबद्दल बँकेतील प्रदीर्घ सेवेच्या अनुभवातून दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल, तत्काळ या अधिकाऱ्यास फोन करा’ अशा आशयाचे संदेश २०२२ पासून मोठ्या प्रमाणात फिरले. फोन केल्यावर समोरचा माणूस एक ॲप उतरवून घेण्यास सांगतो, दहा-पंधरा रुपये भरण्यास लावतो आणि त्या निमित्ताने आपल्या मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो. पुढची रक्कम खात्यातून आपोआप जाते.

या जाळ्यातून सोडविणारी गोष्ट कायद्यातच आहे. कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. म्हणून ‘आज रात्री’ हे शब्दच संदेश खोटा असल्याची खूण आहेत. बिलाबाबत खरोखर वाद असेल, तर मागितलेली रक्कम अथवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारे शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते निषेध नोंदवून भरावे. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

तरीही कोणाची फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. त्याच मिनिटाला १९३० या सायबर मदत क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेस कळविल्यानंतर होणारे नुकसान ग्राहकाला सोसावे लागत नाही. म्हणूनच कळविण्यातला प्रत्येक तास मोलाचा. घरातील वृद्धांना रागावण्याने ते पुढच्या वेळी सांगणारच नाहीत. भाषासमिती येथेही लागू आहे.

चातुर्मासाच्या आरंभी एक तालीम

चातुर्मास आणि पावसाळा बरोबरच येतात, आणि वीज जाण्याचे प्रसंगही याच महिन्यांत वाढतात. म्हणून आषाढात एका संध्याकाळी, दिवस मावळण्यापूर्वी, घरातील सर्वांना मीटरजवळ एकत्र आणावे. आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो का पाहावे. पडला नाही तर दुसऱ्याच दिवशी बदलून घ्यावा. प्रत्येक एमसीबीवर खोलीचे नाव मराठीत वा गुजरातीत लिहावे. मेन स्विच बंद करण्यास सुनेने, नातवंडांनी आणि दुकानातील नोकरानेही एकदा स्वतः शिकावे, कारण वीज जाते त्या वेळी घरातील जाणता पुरुष बहुधा बाजारात असतो.

बॅटरीची जागा ठरवावी आणि ती कोणीही हलवू नये. वायरमन, लिफ्ट, डॉक्टर, १०१, १०८, १९१२ व १९३० हे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मीटरच्या पेटीशेजारी चिकटवावेत. आपल्या वडीलधाऱ्यांना प्रतिक्रमण पाठ असते, त्यामुळे वीज गेली तरी त्यांची आराधना खंडित होत नाही. हे क्रमांक व हा क्रम घरातील प्रत्येकाला तसाच पाठ असावा.